नवे टायर टाकले आणि ॲव्हरेज पडलं: तीनचाकी स्पायडरचा हिशेब कसा लावायचा?

हॅमिल्टनकर (२७ मे)

नमस्कार मंडळी,

तीन आठवडे एक आकडा डोक्यातून जात नाहीये, म्हणून धागा काढतोय.

मी कॅनडात, ओंटॅरियोतल्या हॅमिल्टनला राहतो. माझ्याकडे कॅन-ॲम स्पायडर आरटी आहे. १३३० सीसीचं तीन सिलिंडरचं रोटॅक्स इंजिन. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी: पुढे दोन चाकं, मागे एक, म्हणजे आपल्या रिक्षाच्या बरोबर उलटं. बसायचं मोटरसायकलसारखं पाय टाकून, हँडलही तसंच, पण वळणावर ही गाडी झुकत नाही. कंपनी क्वेबेकची, पहिली स्पायडर २००७ साली आली. मी घेतली ती सेकंडहँड.

गेल्या वर्षी मे ते सप्टेंबर मी प्रत्येक टाकी वहीत लिहिली. १४ टाक्या, ४,१२० किलोमीटर, २६४ लिटर. इथल्या पद्धतीने १०० किलोमीटरला ६.४१ लिटर, आपल्याकडच्या बोलीत लिटरला १५.६. हिवाळाभर गाडी झाकून ठेवली होती. एप्रिलच्या शेवटी तिन्ही टायर बदलून घेतले, मूळच्याच मापाचे: पुढे १६५/५५ आर १५, मागे २२५/५० आर १५. त्यानंतरच्या तीन टाक्यांत ९०५ किलोमीटरला ६२.४ लिटर लागले. १०० ला ६.९०. लिटरला साडेचौदाच.

रस्ते तेच, चालवणारा तोच, मागे बसणारं कोणी नाही. मग साडेसात टक्के पेट्रोल गेलं कुठे? टायरचा दोष मानायचा का?

पेट्रोल कसं भरतो तेही सांगतो, नाहीतर पहिला प्रश्न तोच येईल. पंप एकच, नोझलही शक्यतो तेच, गाडी त्याच दिशेला तोंड करून उभी. आरटीचं झाकण सीटखाली असतं. सीट उचलायची, नोझल घालायचं, पहिल्यांदा खट्ट झालं की दहा आकडे मोजायचे, पुन्हा एकदा खट्ट होऊ द्यायचं आणि थांबायचं. तोंडोतोंड भरत नाही. तसं केलं की वाफ धरून ठेवणाऱ्या कोळशाच्या डब्यात पेट्रोल शिरतं आणि तो खराब होतो. दुचाकी साइड स्टँडवर तिरकी उभी असली की टाकीत कमीजास्त मावतं. तीन चाकांवर गाडी सरळ उभी असते, त्यामुळे निदान तेवढा प्रश्न मिटतो.

---

लेस्टरकर (२७ मे)

छान विषय. एक विनंती, सगळ्यांनी आकडा टाकताना एकक लिहा. माझ्याकडे पियाजिओ एमपी३ आहे. पुढे दोन चाकंच, पण ही वळणावर झुकते. इंग्लंडात पेट्रोल लिटरने मिळतं, रस्त्यावरचे आकडे मैलांत आणि मायलेज मात्र गॅलनला मैल असं सांगायचं. त्यातही इथला गॅलन ४.५४६ लिटरचा, अमेरिकेतला ३.७८५ चा.

तुमचे ६.४१ लिटर अमेरिकन हिशेबात ३६.७ होतात आणि आमच्या हिशेबात ४४. गाडी तीच, पेट्रोल तेच. स्पायडरच्या मालकांच्या गप्पांत कुणी ४४ म्हणतं, कुणी ३७, आणि दोघंही खरं बोलत असतात. माझ्या माहितीतल्या एका गृहस्थांनी अमेरिकेतल्या लोकांचे आकडे वाचून आपल्या गाडीचं इंजिन फार चांगलं आहे अशी समजूत करून घेतली होती.

सूत्र लिहून ठेवा. अमेरिकन गॅलन असेल तर २३५.२ ला त्या आकड्याने भागा, ब्रिटिश असेल तर २८२.५ ला. उत्तर १०० किलोमीटरला किती लिटर हे येतं.

---

पेठेतला_रिक्षावाला (२८ मे)

दादा, तुमच्या गाडीचा फोटो बघितला. आपली रिक्षा उलटी फिरवून ठेवल्यासारखी वाटते खरी.

मी पुण्यात तेरा वर्षं रिक्षा चालवतोय, आता सीएनजी. टायरला नावं ठेवायच्या आधी ब्रेक बघा. गाडी महिनोन्महिने उभी होती म्हणताय ना? उभ्या गाडीचा ब्रेक चिकटतो. आमच्यात साधी परीक्षा आहे. सपाट जागा बघायची, न्यूट्रल करायची आणि एका हाताने ढकलायची. रिक्षा एका हाताने सरकली पाहिजे, सोडली की दोन पावलं पुढे गेली पाहिजे. जागीच थांबली तर लायनर घासतोय. दुसरी परीक्षा म्हणजे चार-पाच किलोमीटर ब्रेक कमी वापरत चालवायची आणि उतरून प्रत्येक ड्रमजवळ हात न्यायचा. एक चाक बाकीच्यांपेक्षा तापलं असेल तर तिथंच तुमचं पेट्रोल जातंय. माझं मागचं डावं चाक असंच तापत होतं. दिवसाला किलोभर गॅस जास्त जायचा आणि मी इंजिनला दोष देत बसलो होतो.

आणि आमच्या वहीचं विचाराल तर आम्हाला तुमच्यासारखं खट्ट होत नाही. सीएनजी किलोवर. पंपावर प्रेशर चांगलं असलं तर टाकी पूर्ण भरते, रांग मोठी असली की प्रेशर पडतं आणि दीडदोन किलो कमीच जातं. उन्हात टाकी तापलेली असली तरी कमी जातं. मग एका टाकीवर ॲव्हरेज काढायचं कसं? मी माझं ३२ धरतो, पण ते कितपत खरं आहे ते मलाही बघायचंय.

---

गणिताच्या_बाई (२८ मे)

रिक्षावाले दादा, तुमच्या शेवटच्या प्रश्नात सगळ्या धाग्याचं मर्म आहे, म्हणून तिथून सुरुवात करते.

एका टाकीचा आकडा काढूच नका. एकदा टाकी शक्य तेवढी भरा आणि मीटर लिहून ठेवा. पुढे कितीही वेळा, कितीही गॅस भरा, फक्त किलो लिहीत जा. महिन्याने पुन्हा त्याच पंपावर सकाळी लवकर, प्रेशर चांगलं असताना टाकी भरा. महिन्याचे एकूण किलोमीटर भागिले महिन्याचे एकूण किलो. मधल्या अर्धवट भरण्यांचा काही फरक पडत नाही. चूक उरते ती फक्त पहिल्या आणि शेवटच्या भरण्यात.

हॅमिल्टनकर, तुम्हालाही हेच लागू आहे. भरताना अर्धा लिटर इकडेतिकडे होणं साहजिक आहे. एका २० लिटरच्या टाकीत अर्धा लिटर म्हणजे अडीच टक्के. २६४ लिटरच्या हिशेबात तोच अर्धा लिटर पाव टक्कासुद्धा नाही. म्हणून तुमचं गेल्या वर्षीचं ६.४१ मी विश्वासाने घेईन. तीन टाक्यांचं ६.९० सध्या नुसतं टिपून ठेवीन. पण साडेसात टक्के हा फरक भरण्याच्या चुकीत बसत नाही, त्यामुळे कारण शोधायलाच हवं.

आणखी एक चूक मी फार जणांच्या वहीत पाहते: प्रत्येक टाकीचं ॲव्हरेज काढायचं आणि मग त्या ॲव्हरेजांचं ॲव्हरेज. समजा १०० किलोमीटर गाडीने लिटरला २० दिले आणि नंतरचे ३०० किलोमीटर लिटरला १२. वहीत लोक १६ लिहितात. प्रत्यक्षात पेट्रोल गेलं ५ अधिक २५, म्हणजे ३० लिटर. ४०० भागिले ३०, १३.३. सोळा आणि सव्वातेरा यांत महिन्याच्या खर्चाचा केवढा फरक पडतो!

याच कारणाने मला १०० किलोमीटरला किती लिटर ही पद्धत आवडते. लिटरला १० वरून १२ वर गेलात तर १०० किलोमीटरमागे १.६७ लिटर वाचतात. २० वरून २२ वर गेलात तर जेमतेम ०.४५. ऐकायला दोन्हीकडे 'दोनने वाढलं', पण खिशात पडणारी बचत जवळजवळ चौपट वेगळी.

---

नाशिकचा_बुलेटवाला (२९ मे)

प्रीमियम पेट्रोल टाकून बघा एकदा. माझ्या बुलेटला फरक पडला होता.

---

हॅमिल्टनकर (२९ मे)

सगळ्यांचे मनापासून आभार.

बुलेटवाले, प्रीमियममध्ये ऑक्टेन जास्त असतो, पण ऑक्टेन वाढला म्हणून पेट्रोलातली ऊर्जा वाढत नाही. तो आकडा इंजिनात ठोका न पडता पेट्रोल किती दाब सोसतं एवढंच सांगतो. ज्या इंजिनाला जास्त ऑक्टेन लागतो त्याला तो द्यायलाच हवा, बाकीच्यांना त्यातून फारसं काही मिळत नाही. ऊर्जेत फरक पडतो तो इथेनॉलमुळे. एका लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोनतृतीयांश ऊर्जा असते. १० टक्के मिश्रण असलं की लिटरमागे ३ टक्क्यांच्या आसपास घट आणि भारतात आता २० टक्के आहे तिथे ६-७ टक्के. तुमच्या बुलेटमध्ये फरक दिसला तेव्हा दोन्ही पेट्रोलांतलं इथेनॉल सारखं होतं का, ते पाहायला हवं.

दादा, ब्रेक पाहिले. न्यूट्रलला एका हाताने सरकत नाही, कारण पेट्रोल-तेल न धरता नुसती कोरडी गाडीच साडेचारशे किलोच्या पुढची आहे. दोन्ही हातांनी मात्र सहज सरकली. डिस्कला हात लावण्याऐवजी लांबून तापमान दाखवणारा थर्मामीटर वापरला. दहा किलोमीटर चालवल्यावर पुढच्या दोन्ही डिस्क एकमेकींच्या तीन अंशांच्या आत. ब्रेक निर्दोष आहेत. पण ही परीक्षा मला ठाऊक नव्हती, आता दर वसंतात करणार.

---

टायरवाला_सांगली (३० मे)

मी वाचतच होतो, पण कुणी मूळ गोष्टीकडे येईना म्हणून लिहितो.

हॅमिल्टनकर, तुम्ही लिटर अगदी काळजीने मोजताय, पण किलोमीटर कोण मोजतंय? गाडीचं मीटर. आणि मीटर प्रत्यक्षात रस्ता मोजत नाही, चाकाचे फेरे मोजतं. एका फेऱ्याला अमुक अंतर असं त्यात कायमचं धरलेलं असतं.

तुमच्या मागच्या टायरचा व्यास काढू. रिम १५ इंच, म्हणजे ३८१ मिलिमीटर. बाजूची उंची २२५ च्या निम्मी, ११२.५. दोन्हीकडची मिळून २२५. एकूण ६०६. हे नव्या टायरचं. त्यावरची नक्षी साडेपाच मिलिमीटर झिजली की व्यास ११ मिलिमीटरने कमी झाला. ११ भागिले ६०६, १.८ टक्के. झिजलेलं चाक तेवढ्याच रस्त्यात जास्त फेरे मारतं, म्हणून मीटर जास्त किलोमीटर दाखवतं. म्हणजे गेल्या वर्षीचे तुमचे ४,१२० किलोमीटर खरे तेवढे नव्हते आणि ६.४१ हा आकडा गाडीच्या खऱ्या खपापेक्षा चांगला दिसत होता. नवे टायर आले आणि मीटर खऱ्याच्या जवळ गेलं.

कुठल्या चाकावरून मोजणी होते हे गाडीगणिक बदलतं, पण तुम्ही तिन्ही बदललेत तेव्हा तो वाद नको. जीपीएसवर एकदा ताडून घ्या. सरळ हायवे धरा आणि कमीत कमी १०० किलोमीटर. वळणावळणाच्या रस्त्यावर फोनचा जीपीएस कोपरे कापतो आणि अंतर कमी दाखवतो.

दुसरं म्हणजे हवा. बसवून देणाऱ्याने किती भरली? तुम्ही स्वतः, गाडी थंड असताना, मोजलीत का?

तिसरं, नवं रबर जाड असतं. जाड नक्षी प्रत्येक फेऱ्याला दबते, उलगडते, तापते. ती ताकद इंजिनच देतं. टायर झिजत जातो तसा हा विरोध कमी होतो. नवा टायर सुरुवातीला पेट्रोल खातो, यात दोष काही नाही.

---

हॅमिल्टनकर (१ जून)

टायरवाले, आज सकाळी सातला गराजमध्ये बसून हवा मोजली. मागच्या चाकासाठी २८ पीएसआय हवी. माझ्या चाकात निघाली २२. पुढची दोन्ही ठीक. टायर बसवले त्या गराजने बिलावर हवा तपासल्याची खूण केली होती आणि मी त्या खुणेवर महिनाभर विसंबलो. याचा मला खरंच राग आला. प्रश्न पेट्रोलचा नाही. मागे एकच चाक आहे, सगळा जोर आणि मागचा सगळा भार त्यावर, आणि ते सहा पीएसआयने कमी हवेवर मी ११० ने पळवत होतो.

मीटरचंही पाहिलं. क्यूईडब्ल्यू या इथल्या हायवेवर १२० किलोमीटर जीपीएसने, मीटरवर १२१.० आले. म्हणजे नव्या टायरवर मीटर ०.८ टक्के जास्त दाखवतं. मग जुन्या टायरचं काय? गेल्या सप्टेंबरात किंग्स्टनला गेलो होतो, त्या दिवसाचा मार्ग फोनमध्ये सापडला. जीपीएस ३२६, वहीत मीटर ३३५. २.८ टक्के जास्त! तुम्ही कागदावर काढलेला फरक जवळजवळ तसाच निघाला. वही आणि फोन शेजारी ठेवून मी तो आकडा तीनदा तपासला.

---

गणिताच्या_बाई (१ जून)

फार सुंदर. एक सावधगिरी. २.८ हा सप्टेंबरचा, म्हणजे टायर सर्वांत झिजलेले असतानाचा. मे महिन्यात ते थोडे जाड होते, तेव्हा पूर्ण हंगामाला २.८ लावू नका. सव्वादोन ते पावणेतीन धरलंत तर गेल्या वर्षीचा खरा खप ६.५५ ते ६.५९ येतो. यंदाच्या तीन टाक्या दुरुस्त करून ६.९५. साडेसात टक्क्यांचा फरक पाच-सहावर आला. उरलेल्या फरकाची कारणं म्हणजे चाकातली कमी हवा, नवं रबर आणि मेचा गारठा.

गारठ्याचा हिशेब असा: १० अंशांची हवा २५ अंशांच्या हवेपेक्षा ५ टक्के जड असते आणि तुमची गाडी रुंद आहे, ती सगळी हवा छातीवर घेत जाते.

---

लेस्टरकर (२ जून)

वाऱ्याबद्दल एक भर. लोक म्हणतात, जाताना समोरून वारा, येताना मागून, हिशेब बरोबर. तसं होत नाही. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. गाडी १०० वर, वारा २० चा. जाताना हवेच्या दृष्टीने १२०, विरोध १.४४ पट. येताना ८०, विरोध ०.६४ पट. सरासरी १.०४. वारा दोन्हीकडे सारखा वाहूनही ४ टक्के विरोध जास्तच. तुमचा रस्ता तळ्याच्या काठाने जातो ना?

---

हॅमिल्टनकर (२ जून)

हो, ओंटॅरियो तळ्याच्या अगदी काठाने. मे महिन्यात तळं अजून बर्फासारखं गार असतं आणि वारा थांबत नाही.

तापमानावरून आठवलं. इथल्या बहुतेक पंपांवर लहानसा स्टिकर असतो: लिटर १५ अंशांना दुरुस्त करून मोजलेले आहेत. पेट्रोल अंशाला साधारण हजारातला एक भाग फुगतं. म्हणजे इथला पंप उन्हाळ्यात फुगलेल्या पेट्रोलाचे जादा पैसे लावत नाही आणि माझ्या वहीतला जुलैचा लिटर आणि मेचा लिटर एकाच वजनाचे असतात. सीमेपलीकडे बफेलोला भरलं की ही सोय नाही. गेल्या वर्षीची तिथली एक टाकी वहीत आहे, तिच्यापुढे आता खूण करून ठेवली.

हवा २८ केली. आता सहा टाक्या होईपर्यंत मी गप्प बसतो.

---

हॅमिल्टनकर (२६ जुलै)

सहा टाक्या झाल्या. मीटरवर १,८४२ किलोमीटर, ११९.५ लिटर. मीटर दुरुस्त करून १,८२७ किलोमीटर. १०० ला ६.५४.

गेल्या वर्षी ६.५५ ते ६.५९, यंदा ६.५४. म्हणजे नव्या टायरांनी काहीच खाल्लं नाही. मेमध्ये गेलं ते कमी हवा, गारठा, वारा यांच्यात गेलं. कुठल्यात किती, हे वेगळं काढायचं तर मला पुढच्या मेमध्ये २८ पीएसआयवर तीच मोजणी करावी लागेल, आणि ती मी करणार आहे.

या सहांपैकी दोन टाक्या मुद्दाम वेगळ्या चालवल्या. एक पूर्ण टाकी फक्त क्यूईडब्ल्यूवर, क्रूझ कंट्रोल ११० ला. दुसरी पूर्ण टाकी जुन्या ८१ नंबरच्या रस्त्याने, ग्रिम्सबी, बीम्सव्हिल करत, द्राक्षमळ्यांच्या कडेने, ७० च्या आसपास. दोन्ही दिवस वारा पडलेला, तापमान सारखं. हायवेला २०.७ लिटर लागले २९१ किलोमीटरना. जुन्या रस्त्याला १५.६ लिटर, २८६ किलोमीटरना. ७.११ आणि ५.४५. ३० टक्के! मी तीन आठवडे टायरच्या मागे लागलो होतो आणि माझ्या उजव्या मनगटात त्याच्या चौपट फरक होता. आता कामावरून येताना वेळ असेल तर ८१ धरतो. पीचचे स्टॉलही लागलेत.

---

टायरवाला_सांगली (२७ जुलै)

वाचून समाधान वाटलं. हवा दर पंधरा दिवसांनी, थंड गाडीवर, स्वतःच्या गेजने. आणि पुढच्या सप्टेंबरात मीटर पुन्हा ताडा, तोवर नक्षी झिजलेली असेल.

---

पेठेतला_रिक्षावाला (२८ जुलै)

बाई, तुम्ही सांगितलं तसं केलं. जूनच्या पहिल्या तारखेला पहाटे साडेचारला पंपावर जाऊन टाकी भरली, रांग नव्हती, प्रेशर २०० ला लागलं. जुलैच्या पहिल्या तारखेला पुन्हा तसंच. मधले सगळे किलो मुलीने वहीत लिहिले. ३०.४ आलं. मी इतकी वर्षं ३२ सांगत होतो. एक विचारायचं होतं, दादांच्या लिटरशी माझे किलो लावायचे तर कसे?

---

गणिताच्या_बाई (२८ जुलै)

एक किलो सीएनजीत साधारण १.४ ते १.५ लिटर पेट्रोलइतकी ऊर्जा असते. तुमचे ३०.४ म्हणजे पेट्रोलच्या भाषेत लिटरला २१ च्या आसपास, आणि तेही शहरात, सिग्नलला थांबत, मागे तीन माणसं बसवून. मुलीला शाबासकी सांगा. जुलैचा आकडा काढताना पावसाचे दिवस वहीत वेगळे खुणावायला सांगा, ओल्या रस्त्यावर चाक जड फिरतं.

---

पेठेतला_रिक्षावाला (२८ जुलै)

खुणावलेत तिने. पावसाला निळी टिकली, घाटात गेलो त्या दिवशी लाल. एक तारखेला पहाटे पंपावर जातो आणि आकडा इथंच टाकतो.